डॅरिलच्या नावाचा कायदा

व्हर्ना स्टकीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते ते मी तोंडाने सांगते आणि लोक तोंडाने बोलतात ते तिला हातांनी सांगते. हाच माझा पेशा. आपल्या पदरचं घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही, एवढा एकच कडक नियम. ती 'मी' म्हणाली की मीही 'मी'च म्हणते.

तिचा मुलगा डॅरिल हॅलोवे नावाच्या गावात पेट्रोल पंपावरच्या दुकानात काम करायचा. बाविसाव्या वर्षी गल्ल्यावर त्याला गोळी घातली गेली. मारणारा पोरगा सोळा वर्षांचा होता. चार वर्षांनी आमच्या राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, गॅरिक पेल यांनी गुन्हेगारीबद्दल विधिमंडळाकडून काय काय हवंय त्याची यादी जाहीर केली. सात मागण्या होत्या. तिसरी अशी, की सोळा वर्षांच्या खुन्यावर प्रौढांसारखाच खटला चालावा. त्या विधेयकाला डॅरिलचं नाव दिलं होतं. व्हर्नाने तशी परवानगी सही करून दिली होती.

फेब्रुवारीत समितीपुढे सुनावणी होती. व्हर्नाची दुभाषी म्हणून विधानभवनाने मला बोलावलं. बाहेरच्या व्हरांड्यात पेल यांचा सहायक ट्रेंट ऑस्टरहाउट आम्हाला भेटला. त्याच्या हातात टाइप केलेला कागद होता.

"एवढंच बोलायचं बाई. दोन मिनिटांत बसतं, मी घड्याळ लावून पाहिलंय."

व्हर्नाने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग हातांनी विचारलं, "माझी ओळ कुठे आहे?"

"कुठली ओळ?"

"पोलीस मरणाचा निरोप घेऊन बहिऱ्या माणसाच्या दारात आले, तर बरोबर दुभाषी हवा. तीन पत्रं पाठवली तुमच्या ऑफिसला."

"मिळाली हो पत्रं. पण हे विधेयक शिक्षेचं आहे. त्यात दुसरं घुसवलं तर सगळंच अडकेल. पुढच्या वर्षी बघू."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालात."

ट्रेंटने माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच बोलले होते. मग आम्हाला आत बोलावलं.

समितीत तेरा जण होते. अध्यक्ष लेमन म्हातारे, आवाजाने मऊ. व्हर्ना साक्षीदाराच्या टेबलाशी बसली आणि मी तिच्यासमोर, माइक ओढून. कागदावरची पहिली चार वाक्यं तिने जशीच्या तशी केली. डॅरिल कसा होता, त्याला मासे पकडायला किती आवडायचं. मग तिने कागद उलटा ठेवला.

"मी भांडी घासत होते," तिचे हात म्हणाले आणि मी बोलू लागले. "सकाळचे साडेनऊ. दाराशी दोन पोलीस. त्यांचे ओठ हलत होते, मला काही कळेना. मी लिहायला वही दिली. त्यांनी ती घेतली नाही. माझी धाकटी मुलगी जोलीन तेव्हा नऊ वर्षांची, शाळेला सुट्टी होती. पोलीस तिच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि तिला म्हणाला, तू आईला सांग."

मागून ट्रेंट पुढे वाकला. "कागदावरचं वाच," तो माझ्या कानाशी म्हणाला. "त्यांना कुठे कळतंय ती काय म्हणतेय."

खरंच होतं. त्या खोलीत खुणांची भाषा कुणालाही येत नव्हती. मी मासे पकडण्याची आणखी दोन वाक्यं सांगितली असती तर चाललं असतं, आणि पुढच्या कामांसाठी ट्रेंटने मलाच बोलावलं असतं. माझे आईवडीलही बहिरे होते. वडिलांच्या पोटात गाठ आहे हे डॉक्टरांनी मला सांगितलं आणि आईला मी सांगितलं, अकराव्या वर्षी. त्यामुळे माझं धाडस वगैरे काही नव्हतं. माझं तोंड नुसतं पुढे बोलत गेलं.

"जोलीनने मला खुणेने सांगितलं, डॅरिल मेला. 'मेला' ही खूण तिला नीट येत नव्हती. तिने 'झोपला' अशी केली. मी हसले. मग तिला पुन्हा सांगावं लागलं."

लेमन खाकरले. "बाई, मला मनापासून वाईट वाटतंय. पण विधेयकाला धरून बोला. नोंदीसाठी सांगा, तुम्ही बाजूने की विरोधात?"

मी ते तिला सांगितलं. तिने हात उचलले.

"विरोधात म्हटलं तर माझ्या मुलाच्या नावाचं विधेयक पडतं. बाजूने म्हटलं तर मी जे सांगितलं ते इथेच संपतं. तिसरं काही आहे का?"

"फॉर्मवर दोनच रकाने आहेत, बाई."

तिने ट्रेंटकडे पाहिलं, मग तेरा जणांकडे.

"बाजूने," ती म्हणाली. मीही म्हणाले.

विधेयक नऊ विरुद्ध चार मतांनी पुढे गेलं. बाहेर ट्रेंट रागावलेला असेल असं मला वाटलं होतं. त्याने व्हर्नाचा हात दोन्ही हातांत घेतला.

"त्या छोट्या मुलीचं फार परिणामकारक झालं. साहेबांना सांगतो."

त्याने सांगितलं. एप्रिलमध्ये राज्यपालांनी आम्हा दोघींसमोर सही केली तेव्हा पेल भाषणात म्हणाले, "नऊ वर्षांच्या बहिणीला आईला सांगावं लागलं की भाऊ गेला. अशा गुन्ह्याला दया नाही." हे वाक्य व्हर्नाला मीच हातांनी सांगितलं.

"ते त्या पोराने नाही केलं," ती म्हणाली. "पोलिसांनी केलं. सांग त्यांना."

मी मोठ्याने सांगितलं. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. तिने पुन्हा सांगायला लावलं, मी पुन्हा सांगितलं. पेल यांनी मान डोलावली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्हा दोघींना कॅमेऱ्याकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, कृतज्ञ आई.

मेमध्ये तिने मला मेसेज केला. आमच्या शेरीफकडे येशील का? मी गेले. शेरीफ बेंटन, म्हणजे आमच्या भागातल्या पोलिसांचा प्रमुख, मोकळा माणूस होता. त्याने कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं.

"माझी ना नाही," तो म्हणाला. "पण दर वेळी दुभाषी आणायचा तर वरून कायदा हवा. मी मनाने नाही करू शकत. तुम्ही ॲटर्नी जनरलकडे जा ना. तुमची तर ओळख आहे. फोटो पाहिला मी."

मी ते तिला सांगितलं. आपल्या पदरचं काही घातलं नाही.

"ऑफिस किती वाजता बंद होतं?" तिने विचारलं.

"पाचला."

घड्याळात अडीच वाजले होते. बेंटन म्हणाला की आता यात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. व्हर्नाने मान हलवली, पर्स मांडीवर घेतली आणि खुर्ची भिंतीकडे सरकवून बसली. मी तिच्या शेजारी बसले.