दाराकडे वळणारे बूट

मित्रांनो, तुमच्या घरात शिवणाच्या डब्यात एखादी कात्री असेलच. मी तशीच एक आहे, फक्त वयाने फार मोठी आणि दिसायला ओबडधोबड. माझ्या डाव्या पात्यावर गंजाचा एक डाग आहे, तो आता जाणार नाही. मला बोलायची सवय नाही. आयुष्यभर उघडणे आणि मिटणे एवढेच मी केले. तेव्हा सांगताना काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या. मी जे सांगणार आहे ते खरे मानावे की नाही, हे मी तुमच्यावरच सोडते. मला स्वतःलाही कधी कधी खात्री वाटत नाही.

माझा जन्म कझाक माळरानावरच्या एका लहान गावात झाला. तिथल्या लोहाराने एका मोडक्या मालमोटारीचा पाटा तापवून, ठोकून मला घडवले आणि दामेश नावाच्या बाईच्या हाती दिले. वसंतात मी मेंढ्यांची लोकर कातरत असे. पण माझा मान होता तो दुसऱ्याच कामासाठी. आमच्याकडे मूल पाऊल टाकू लागले, की काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचा दोर वळून त्याच्या दोन्ही पायांना बांधतात. मग गावातली एखादी चपळ, हसतमुख बाई येऊन तो कापते. दोर कापला की मुलाची वाट मोकळी होते, आणि कापणारीची चाल त्याला लागते. म्हणून बाई निवडून बोलावतात. आईने स्वतः कापायचा नसतो.

गावात दामेशसारखी चालणारी दुसरी बाई नव्हती. तिने माझ्याकडून कितीतरी मुलांचे दोर कापले. दर वेळी लोक म्हणायचे, कात्री असावी तर अशी. मित्रांनो, कौतुक लोखंडालाही आवडते.

दामेशला एक सून होती, कुल्याश. तिचा मुलगा तिलेक उभा राहू लागला, तेव्हा दामेश तापाने अंथरुणाला खिळली होती. चार दिवस थांब, असे तिने सुनेला दोनदा बजावले. पण कुल्याश तरुण होती, आपल्या मुलाचे पहिले पाऊल बघायची तिला घाई झाली होती. तिने मला खुंटीवरून काढले आणि दोर स्वतःच कापला.

तिलेक चालला. लवकर चालला, भरभर चालला. चार वर्षांचा असताना तो बर्फाच्या वादळात एका कोकराच्या मागे दाराबाहेर गेला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. दारापासून निघालेली त्याची पावले बर्फात सरळ रेषेत गेली होती. विहिरीच्या पुढे ती थांबली होती. तिथे परतीचे पाऊल नव्हते, पडल्याची खूण नव्हती, काही नव्हते.

धार माझी होती. त्याचा विचार मी अजून करते.

पुढे दामेश गेली, कुल्याशचा नवराही गेला. कुल्याश शहरात आली आणि एका अनाथ बालगृहात शिवणकामाला लागली. तिथे सगळे तिला आपा, म्हणजे ताई, म्हणू लागले. मला तिने सोबत आणले, पण दोर कापायला मला पुन्हा कधी हातात घेतले नाही. तिथल्या प्रत्येक कपड्यावर आणि बुटावर अंकाची पट्टी शिवलेली असे. मूल दत्तक गेले की ती पट्टी उसवून कपडा दुसऱ्या मुलाला द्यायचा, एवढेच काम मला उरले. टाके कापायला धार लागत नाही. हळूहळू मी बोथट झाले. संचालिका झाउरेशबाई एकदा कापड कापायला मला घेऊन गेल्या आणि परत आणून देत म्हणाल्या, "आपा, हिच्याने लोणीसुद्धा कापलं जायचं नाही. जपून ठेवा, संग्रहालयवाले मागायला येतील."

आता बुटांबद्दल सांगते.

त्या घरातून मुले परदेशी जात. न्यायला आलेले आईवडील नवे कपडे, नवे बूट आणत. जुने सगळे घराचे असल्यामुळे घरातच राही. शिवणखोलीबाहेरच्या फळीवर नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, ते छोटे बूट कुल्याश आपा ओळीने मांडून ठेवत असे, टाचा बाहेर आणि चवडे भिंतीकडे. दुपारी जेवणानंतर सगळी मुले झोपत आणि घर गप्प होई. त्या वेळी व्हरांड्यातून पावले वाजत. हलकी, पळणारी, मध्येच थांबणारी. ती दारापर्यंत जात आणि तिथे संपत. मुले उठली की आपा बाहेर येई. तेव्हा फळीवरच्या काही जोडांचे चवडे दाराकडे वळलेले असत.

ते बूट कोणत्या मुलांचे, हे आपाला पाठ होते. सगळी दूर गेलेली मुले. आपा ते जोड पुन्हा भिंतीकडे फिरवून ठेवी. मूल गेले की पावलांत एक जोड वाढे. खणातल्या अंधारात मी ती मोजत असे.

तोर्गिन नावाची मुलगी अकरा महिन्यांची असताना तिथे आली. तिची आई तिला दारात बसवून निघून गेली होती. तिच्या पायांना काळापांढरा दोर बांधलेला होता. कोणीतरी समारंभाची तयारी केली होती आणि तो झालाच नव्हता. आता तो कोण कापणार? आपाने मला खणातून बाहेर काढले, बराच वेळ हातात धरले आणि परत ठेवले. मग तिने ती गाठ बोटांनी सोडवली आणि दोर माझ्याशेजारी ठेवून दिला. तिला वाटले, प्रश्न सुटला. आमच्याकडे दोर सोडवत नाहीत, कापतात, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण भीती माणसाला असल्या पळवाटा दाखवते.

त्या दोराबरोबर मी दोन वर्षे एका खणात राहिले. तो उबदार असायचा. बाहेर खिडकीवर बर्फाची नक्षी असताना माझे लोखंड थंडगार पडायचे, आणि तो मात्र नुकताच पायावरून काढल्यासारखा. कधी कधी तो किंचित सरकायचा. तोर्गिन व्हरांड्यात चालू लागली की तो ताणला जायचा, इतके माझ्या लक्षात आले होते. घरात ती पळायची, उड्या मारायची. पण बाहेरच्या दाराच्या उंबऱ्याशी आली की दोन्ही पाय एकत्र जुळून ती आडवी पडायची. उचलून बाहेर नेले तर श्वास कोंडल्यासारखी निळी पडे. डॉक्टरांनी दोनदा तपासले. पाय चांगले होते.

ती तीन वर्षांची असताना बेल्जियमहून एक कुटुंब तिला न्यायला आले. आई ग्रीट, वडील योरिस आणि नऊ वर्षांची मुलगी फेम्के. नियम असा, की दोन आठवडे रोज येऊन मुलाशी ओळख करून घ्यायची, मग न्यायालयात जायचे. फेम्केने आमच्या भाषेतला एकच शब्द शिकून आणला होता, "ये". ती तो दिवसभर वापरी. तोर्गिन तिच्यामागे सावलीसारखी फिरे, तिच्यासारखी मान वाकडी करी, तिच्यासारखी शिंके. पण रोज उंबऱ्याशी तेच. फेम्के अंगणातून हात पुढे करून "ये" म्हणे, तोर्गिन निघे आणि पडे. खणात माझ्याशेजारचा दोर तारेसारखा ताठ होई.

अकराव्या दिवशी झाउरेशबाई त्यांना घेऊन शिवणखोलीतच आल्या, कारण शेगडी तिथेच तापलेली होती. दुभाषी साउलेही होती. झाउरेशबाईंनी सांगितले, की शुक्रवारी त्यांना न्यायालयासाठी अहवाल द्यायचा आहे. मूल या माणसांबरोबर दाराबाहेर पाऊल टाकत नाही, असे लिहावे लागले तर अर्ज नामंजूर होईल आणि तोर्गिन कायमची इथेच राहील. योरिसने डोळे चोळले. तो हलक्या आवाजात काहीतरी बोलला. साउलेने ते सांगताना मान खाली घातली.

"ते विचारतायत, दुसरं एखादं मूल बघता येईल का. मुलीला असं जबरदस्तीने ओढून न्यायला त्यांचं मन धजत नाही."

ग्रीट खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. फेम्के ताडकन उठून बाहेर गेली. दार आपटले आणि त्यात अडकलेले तिच्या कोटाचे बटण तुटून घरंगळत आत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळी मुले झोपली असताना, ती साउलेला घेऊन बटण लावून घ्यायला आली. बाहेर पांढरे धुके होते, अंगणातला झोपाळाही दिसत नव्हता. आपाने दोरा कापायला खण उघडला आणि तिचा हात तसाच थांबला.

तो दोर माझ्या दोन्ही कड्यांतून ओवला गेला होता. त्याला गाठ पडली होती. आपाने स्वतःच्या बोटांनी सोडवलेली गाठ, अगदी तशीच, जशी लहान पायांना मारतात.

"हे काय आहे?" फेम्केने विचारले.

आपा खाली बसली. तिने दोराची सगळी हकिकत सांगितली, आणि मग कोणी न विचारता तिलेकचीही सांगितली. साउले सांगता सांगता अडखळत होती. व्हरांड्यात पावले सुरू झाली होती. साउलेने दार उघडून पाहिले, तिथे कोणी नव्हते. तिने दार हळूच लावले आणि ती आपाला चिकटून बसली.

फेम्केने मात्र एवढेच विचारले, "मग आता कापत का नाही?"

"मी कापला तर माझी चाल लागेल तिला. माझं नशीब लागेल," आपा म्हणाली. "माझ्या हातून गेलेलं मूल परत येत नाही, पोरी."

फेम्के पुढे सरकली. "मी कापते. मी शाळेत पळण्यात दुसरी आले होते."

"दुसरीच?"

"पहिली आलेली मुलगी फार उंच होती."

आपा हसली. तिला हसताना मी किती वर्षांनी ऐकले, ते सांगता येणार नाही. तिने दोर माझ्या कड्यांतून ओढून काढला, आपली चहाची चिनी मातीची वाटी रिकामी करून उपडी घातली आणि वाटीच्या बुडाच्या खरखरीत कडेवर माझी पाती घासू लागली. दामेश असेच करायची. मित्रांनो, ते घासणे दुखते. पण मला इतके बरे कधी वाटले नव्हते.

तोर्गिनला झोपेतून उचलून उंबऱ्याशी आणले. ग्रीट आणि योरिस धावत आले. झाउरेशबाई, "आपा, हे कुठल्या नियमात बसतं?" असे विचारत आल्या आणि दोर पाहून बाजूला सरकल्या. आपाने तो तोर्गिनच्या पायांना बांधला. मुलगी रडली नाही. ती दोराकडे ओळखीच्या माणसाकडे बघावे तशी बघत होती.

फेम्केने मला हातात घेतले आणि दाबले. मी मिटले नाही. माझा खिळा इतक्या वर्षांत आखडला होता, तिच्या बोटांत तेवढे बळ नव्हते. तिने पुन्हा दाबले. दोर पात्यांमध्ये थरथरत होता, आणि मला तेव्हा वाटले, आता मीच या मुलीला अडकवून ठेवणार. व्हरांड्यातली पावले आमच्या मागे येऊन थांबली होती. सगळ्यांनी ती ऐकली, वळून कोणीच पाहिले नाही.

"आपा," साउले म्हणाली, "तिला जमत नाहीये."

आपाचा हात हवेतच राहिला. मग तो खाली आला आणि फेम्केच्या हातावर बसला.

"जा, माझ्या शिंगरा," ती म्हणाली. "आणि वाट विसरू नकोस."

मी मिटले. दोर तुटताना एक आवाज झाला, कोणीतरी खूप वेळ धरलेला श्वास सोडावा तसा. तोर्गिन उभी राहिली. तिने एक पाऊल उंबऱ्यावर ठेवले, दुसरे पलीकडे, आणि धुक्यात शिरली. "ये, ये," करत फेम्के तिच्यामागे धावली. क्षणभर दोघीही दिसेनाशा झाल्या. आपाने डोळे मिटून घेतले होते, तिचे ओठ हलत होते. मग धुक्यातून झोपाळ्याची साखळी वाजली आणि तोर्गिनचे हसणे ऐकू आले. आपा तिथेच उंबऱ्यावर बसली. धुके विरेपर्यंत ती उठली नाही.

शुक्रवारचा अहवाल चांगला गेला. तोर्गिन गेली, तेव्हा तिच्या पायांत लाल नवे बूट होते. जुने आपाने फळीवर ठेवले, चवडे भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी पावले वाजली, मी मोजली. एकही वाढले नव्हते. मुले उठल्यावर आपा बाहेर गेली. तोर्गिनचे बूट भिंतीकडेच होते.

तेव्हापासून त्या घरातून कोणतेही मूल दोर कापल्याशिवाय जात नाही. झाउरेशबाईंना अजूनही तो नियम कुठे सापडलेला नाही, पण दोरासाठी लोकर त्याच आणून देतात. आणि जी मुले आधीच गेली आहेत, त्यांच्यासाठी आपाने एक उपाय काढला आहे. तो बरोबर आहे का, मला माहीत नाही. दुपारी जो जोड दाराकडे वळलेला सापडेल, त्याला ती दोर बांधते, त्या मुलाचे नाव घेऊन सावकाश निरोप देते आणि कापते. मग तो जोड पुन्हा वळत नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. घरातल्या कात्रीला गंजू देऊ नका, तिच्या खिळ्याला कधीतरी तेलाचा थेंब द्या. काम कधी येईल ते सांगून येत नाही. आणि कोणाला दूर पाठवायची वेळ आली, तर गाठ गुपचूप सोडवून खणात ठेवू नका. त्याचे नाव घ्या, निरोप द्या.

काल फळीवर नमद्याचा एक जोड सापडला, ओलसर, चवड्यांना बर्फ चिकटलेला. त्याच्यावर घराची अंकाची पट्टी नव्हती. तो तिथे कोणी ठेवला, झाउरेशबाईंना ठाऊक नाही. चार वर्षांच्या मुलाच्या पायाचा आहे. चवडे दाराकडे नव्हते, घराकडे होते, कोणीतरी नुकतेच बाहेरून आल्यासारखे.

आपाने तो जोड रात्रभर उराशी धरला होता. आता दुपार झाली आहे, मुले झोपली आहेत. तिने काळा आणि पांढरा दोर वळून ठेवला आहे, आणि माझ्या धारेसाठी चहाची वाटी उपडी घातली आहे.