पेटीतलं जाकीट

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण माझ्यावर बसून नदीपार गेले असतील. पण तेव्हा मला पाहिलेलं कुणी नाही. मी एक जुनं बुचाचं जाकीट बोलतोय. लाइफ जॅकेट म्हणा हवं तर. लाँचच्या मागच्या बाजूला लाकडी पेटी असते ना, प्रवासी जिच्यावर टेकून गप्पा छाटतात, तिच्यात माझं बहुतेक आयुष्य गेलं. माझ्या बोलण्यात थोडी कुरकुर सापडेल. अंधारात कोंडलेल्यानं कुरकुर नाही करायची तर काय गाणी गायची?

माझा जन्म एका शिवणखोलीत झाला. बाटलीला लावतात त्याच बुचाच्या चपट्या वड्या करून एका बाईनं त्या जाड कापडात शिवल्या आणि मला नाड्या लावल्या. मग एका भारी लोखंडी वजनाला बांधून तिनं मला हौदात सोडलं. वजन मला खाली ओढत होतं, पाणी मला वर ढकलत होतं, आणि मी वजनासकट वर राहिलो. काय सांगू तुम्हाला! पाणी आपल्याला उचलून धरतं तेव्हा कसं वाटतं, ते एकदा अनुभवलं की विसरता येत नाही. ती बाई मला पिळून वाळत घालताना म्हणाली, "जा बाबा, नाव काढ." मी मनात म्हटलं, काढणारच.

नाव काढायचं राहिलं बाजूला, पहिल्याच महिन्यात घात झाला. तेव्हा आम्ही जाकिटं लाँचच्या दांडीला ओळीनं टांगलेली असायचो. आमच्यातलं एक कुणीतरी उचलून नेलं. म्हणे झोपताना उशाला झकास होतं! लाँचचे मालक भडकले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमच्या मालकांनी ताकाचं भांडंच कुलपात ठेवलं. पेटी बनवून घेतली, लाँचच्या तळाच्या फळ्यांना स्क्रूनं बसवली, आम्हा सगळ्यांना आत कोंबलं आणि वर हे भलंमोठं कुलूप घातलं. किल्ली मालकांच्या कमरेला. आणि मालक कुठे? तर धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीत. ते लाँचवर कधी पाऊल ठेवत नसत. म्हणजे कुलूप पाण्यावर आणि किल्ली जमिनीवर, असा सगळा कारभार.

मी सगळ्यात वर होतो, आणि नशिबानं माझ्यासमोरच्या फळीत गाठ निखळून एक भोक पडलं होतं. तेवढंच माझं जग. त्यातून प्रवाशांच्या चपला दिसत, पिशव्या दिसत, कधी नदीचा तुकडा दिसे. पाणी फळ्यांपलीकडे रात्रंदिवस चुळुकचुळुक करत असे. ज्या पाण्यासाठी जन्मलो ते हाताच्या अंतरावर, आणि मी आत कोरडा ठणठणीत. मला फार कोंडल्यासारखं व्हायचं. कधी वाटायचं, उंदरांनी एकदाचं कुरतडून टाकावं.

वर्षातून एकदा तपासनीस साहेब येत. तेव्हा मालक धक्क्यावरूनच किल्ली पुढे करत, पेटी उघडली जाई, साहेब मला दाबून बघत आणि म्हणत, "वा! अगदी कोरी करकरीत ठेवलीत हो!" मालकांची छाती फुगायची. झाकण पुन्हा धाडकन बंद. आमचं कौतुक झालं ते असं, कधी वापरलं नाही म्हणून.

आता आमच्या लाँचवरच्या माणसांची ओळख करून देतो. मालकांचा धाकटा मुलगा लाँच चालवायचा. मोठा मुलगा दूर कुठेतरी जहाजावर नोकरीला. त्याची बायको प्रवाशांना चढवायची-उतरवायची. दीर तिला वहिनी म्हणे, म्हणून सगळे प्रवासीही वहिनीच म्हणत. वहिनीची मुलगी छकुली दिवसभर लाँचवरच असायची, आणि बसायची कुठे, तर आमच्या पेटीवर. टाचा आपटून आपटून तिनं आमचं डोकं उठवलं होतं. पण खरं सांगतो, ती नसली की पेटी अजूनच अंधारी वाटायची.

एक दिवस गिऱ्हाईक नव्हतं. वहिनीनं पाण्यानं भरलेली बादली पेटीसमोर ठेवली आणि छकुलीला एक संत्रं दिलं.

"सांग, बुडेल की तरंगेल?"

"बुडेल. जड आहे."

छकुलीनं टाकलं. संत्रं डुबकी मारून वर आलं आणि डुलत राहिलं. "आता सोल," वहिनी म्हणाली. सोललेलं संत्रं टाकलं, तर ते सरळ तळाला!

"अगं आई! साल काढल्यावर तर हलकं झालं ना? मग बुडलं का?"

"नुसतं हलकं-जड बघायचं नसतं, बाळा. पाण्यात कुणी घुसलं की पाण्याला सरकावं लागतं. मग ते त्याला वर ढकलतं. जेवढं पाणी सरकलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर लावतं. संत्र्याच्या सालीत बारीक बारीक हवा असते. साल जागा पुष्कळ अडवते, पण वजन नावालाच. ती असली की पाण्याचा जोर संत्र्याला पुरतो. ती काढली की जागा कमी झाली, जोरही कमी पडला. बुडालं."

छकुलीनं तोंडात बोट घालून विचार केला आणि टाळी वाजवली. "म्हणजे संत्र्यानं जाकीट घातलं होतं!"

आम्ही आत इतके खूश झालो म्हणून सांगू! पण पोरगी थांबते कसली. तिनं डब्यातली वाटी आणून तरंगवली. "ही तर लोखंडाची. ही कशी नाही बुडत?"

"ती पोकळ आहे म्हणून. पोटात हवा, त्यामुळे जागा मोठी अडवते. आपली लाँच म्हणजे मोठी वाटीच की."

छकुलीनं वाटीत पाणी ओतलं. वाटी गुडुप झाली. पोरगी बादलीत वाकून बघत म्हणाली, "आई, वाटीत पाणी शिरलं तर माझं जाकीट कुठाय?"

वहिनीनं बादली बाजूला सारली. तिनं पेटीवर हात ठेवला. मग कुलूप हिसडून बघितलं.

लाँच धक्क्याला लागल्याबरोबर ती खिडकीशी गेली. "बाबा, पेटीची किल्ली भाऊजींकडे द्या. नाहीतर कुलूप तरी काढा."

"आणि जाकिटं पळवली म्हणजे?"

"पळवू देत. छकुलीला पोहता येत नाही, बाबा."

"इतकी वर्षं लाँच चालतेय, काही झालं? उगीच अभद्र बोलू नकोस," मालक म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. वाईट माणूस नव्हता हो तो. नातीवर जीव होता. पण चोराची भीती रोज डोळ्यांसमोर, आणि पाणी त्यांच्या लेखी लांब.

पुरानंतरचे दिवस होते. नदीतून ओंडके वाहत येत. एका दुपारी मधोमध असताना खालून एवढ्या जोरात धक्का बसला, की आम्ही पेटीत एकमेकांवर आदळलो. तळाचा जुना गंजलेला पत्रा फाटला होता. "पाणी! पाणी आलं!" अशी ओरड झाली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प बसलं.

धाकटा पाना घेऊन धावत आला आणि कुलपावर घाव घालायला लागला. ठण्, ठण्. कुलूप ढिम्म हलेना. एक घाव चुकून त्याच्याच बोटांवर बसला, रक्त आलं, तरी तो मारतच होता. वहिनीनं छकुलीला पेटीवर उभं केलं होतं आणि ती धक्क्याच्या दिशेनं घसा फोडून ओरडत होती, "बाबा, किल्ली!" भोकातून मला दिसलं, मालक गुडघाभर पाण्यात उभे होते, हात उंच केलेला, आणि हातात किल्ली. त्यापुढे त्यांचं पाऊल पडेना. पडलं असतं तरी काय उपयोग होता म्हणा.

मग फळ्यांच्या फटींतून पाणी आत आलं. आधी सगळ्यात खालची जाकिटं भिजली, मग मधली, मग मी. इतक्या वर्षांनी पाणी भेटलं आणि मला आनंद होईना. डोक्यावर झाकण, बाहेर त्या पोरीची किंकाळी. पाणी आम्हाला वर ढकलू लागलं. एकेकट्याचा जोर तो काय! पण पेटी बुडत गेली तसे आम्ही सगळेच्या सगळे झाकणाला भिडलो, आणि ढकलत राहिलो. झाकण उघडलं नाही, कुलूप तुटलं नाही. तुटले ते खालचे स्क्रू. सडक्या लाकडातून ते करकरत सुटले आणि अख्खी पेटी लाँचपासून वेगळी होऊन बुचासारखी वर उसळली.

"पेटी धरा! पेटी तरंगतेय!" धाकटा ओरडला. छकुली पेटीवर पालथी पडली, वहिनीनं तिला एका हातानं दाबून धरलं, बाकीचे कडेनं लोंबकळले. लाँच खाली गेली. कोळ्यांच्या होड्या पोचेपर्यंत आम्ही त्या सगळ्यांना धरून ठेवलं. एकही जीव गेला नाही. मित्रांनो, त्या दिवशी आम्ही नाव काढलं, पण तेही आतूनच.

तुम्हाला वाटेल, आता तरी पेटी उघडली असेल. छे! दोन दिवसांनी मालक धक्क्यावर दहा जणांना सांगत होते, "बघितलंत ना? कुलूप होतं म्हणून पेटी एकसंध राहिली. पेटी राहिली म्हणून माणसं राहिली!" लोक बिचारे जीव वाचल्याच्या आनंदात. कोण वाद घालतो? मालकांनी नवी लाँच आणली, आम्हाला उन्हात सुकवलं, मोजलं, परत पेटीत भरलं. आणि मिस्त्रीला सांगून पेटी या वेळी जाड बोल्टांनी तळाला आवळून घेतली. मिस्त्री म्हणाला, "आता काही झालं तरी जागची हलायची नाही."

मी आतल्या आत गारठलो. अहो, हलली म्हणून तर वाचले सगळे! आता लाँच बुडाली, तर एवढ्या लोखंडाला वर धरायची आमची काय ताकद? आम्ही कुलपासकट, तिच्याबरोबर तळाला जाणार. आणि हे ओरडून सांगायला मला तोंड नाही.

तोंड वहिनीला होतं. नव्या लाँचच्या पहिल्या फेरीला धक्क्यावर माणसांची ही गर्दी. वहिनी छकुलीचं बोट धरून खिडकीसमोर उभी राहिली.

"बाबा, कुलूप राहू द्या. माझं काही म्हणणं नाही."

मालकांना आश्चर्यच वाटलं. "आत्ता कसं शहाण्यासारखं बोललीस!"

"पण जिथे कुलूप तिथे किल्ली. आणि किल्ली तुम्ही कुणाच्या हाती देत नाही. तेव्हा आजपासून तुम्हीही चला. पेटीवर बसा."

"मी? मला इथं कामं थोडी आहेत?"

"पाण्याला भिताय का, बाबा?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मालक लाल झाले. "भिणार? मी?" म्हणत ते तरातरा लाँचवर आले आणि आमच्यावर बसले. दोन्ही हातांनी पेटीची कड अशी घट्ट धरली, की फळी कुरकुरली.

मधोमध आलो आणि एक मोठं मालवाहू जहाज जवळून गेलं. त्याच्या लाटांनी लाँच या कुशीवरून त्या कुशीवर लोळायला लागली. रोजचे प्रवासी दांडीला धरून उभे राहिले. त्यांना सवय होती. मालक मात्र "अगं आई गं!" म्हणत गुडघ्यांवर आले. कमरेची किल्ली ओढली. ती कुलपात जाईना. एकदाचं कुलूप निघालं, झाकण उघडलं, आणि माझ्या अंगावर लख्ख ऊन पडलं. त्यांनी मला उचललं, डोक्यातून घातलं आणि नाड्या बांधल्या. जन्मात पहिल्यांदा मी माणसाच्या छातीवर होतो. त्यांचं काळीज नुसतं धडधडत होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आली ती दया.

"आजोबा," समोरून छकुली म्हणाली, "मला?"

ती दांडीला धरून उभी होती. अंगात नुसता फ्रॉक.

लाटा अजून चालूच होत्या. मालकांनी माझ्या नाड्या ओढल्या, पण भीतीच्या भरात मारलेल्या निरगाठी सुटेनात. शेवटी दातांनी सोडवल्या. मला काढलं आणि छकुलीच्या गळ्यात घातलं. मी तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होतो. मग ते पेटीत वाकले आणि एकेक जाकीट काढून लोकांच्या हातात देत गेले. वहिनीला देताना त्यांनी मान वर केली नाही. "घाल गं पोरी," एवढंच म्हणाले. सगळ्यांना दिल्यावर उरलेलं एक त्यांनी स्वतः घातलं.

आता मी दांडीला टांगलेला असतो. वारं लागतं, पावसात भिजतो, रंग उडालाय, एक नाडी तुटायला आलीय. आमच्यातली दोन जाकिटं चोरीलाही गेली. मालकांनी नवी आणली, चरफडत का होईना. मित्रांनो, आमची निगा राखायची तर नाड्या बघा, उन्हात सुकवा, उंदरांपासून जपा. पण जपायचं म्हणून कोंडू नका. होडीत चढलात की आधी विचारा, जाकिटं कुठे आहेत. कुणी म्हणालं, "काळजी नको, आत कुलपात अगदी सुरक्षित आहेत," तर खुशाल खाली उतरा आणि सांगा, आधी ती बाहेर काढा, मग दोर सोडा.