नव्याचा मान

सुलेखानं सर्व्हर रूमचं दार उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारखान्यातले सगळे संगणक जोडणारे ते चार स्विच हळदकुंकवानं माखलेले, वर झेंडूचा हार, आणि हाराचं टोक थेट पंख्याच्या जाळीत. सगळ्यात नव्या डब्यावर तर अष्टगंधाचं स्वस्तिक.

खंडेनवमीचा दिवस. वाळूजच्या त्या कारखान्यात या दिवशी यंत्रांची पूजा असते. सुलेखा आईला, रत्नमालाबाईंना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर निघाली होती. बस जालन्यात पोचते न पोचते तोच फोन आला, की सगळं नेटवर्क बसलंय, फाटकावर ट्रक अडकलेत. आईला शेजारणीच्या हवाली करून ती उलट्या पावली परतली.

"नेमकं केलं काय तुम्ही?"

प्रशासन बघणारे श्रीनिवासराव अजून सोवळ्यातच होते. "काही नाही हो. सगळं बंद केलं, पुसलं, पूजा केली. नव्या वस्तूचा मान पहिला, म्हणून नवा डबा आधी चालू केला. मग आरती केली आणि बाकीचे लावले."

सुलेखानं कपाळावर हात मारून घेतला. हे डबे केबलनं एकमेकांना बांधलेले; दिसायला वेगवेगळे, कामाला एकच. त्यातला एक कारभारी, बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. आणि जो आधी जागा झाला, तोच कारभारी होऊन बसतो. नवा डबा म्हणजे कोरी पाटी. तिनं त्याला केबल लावून ठेवली होती, पण दसऱ्यानंतर सगळं शिकवून मगच सुरू करायचा म्हणून वीज दिली नव्हती. आरती संपेपर्यंत तो एकटाच जागा. मागून उठलेल्या तिघांनी त्याची कोरी पाटी गुमान आपली मानली. शहाण्यांनी अडाण्याचं ऐकायचं, ही तऱ्हा या कारखान्याला नवी नव्हती म्हणा.

नवा डबा बाजूला काढून, लॅपटॉपमधली सेटिंगची जुनी प्रत चढवून तिनं सगळं पुन्हा उभं केलं. ट्रक हलले. तेवढ्यात मालक अप्पाराव आले.

"चूक कुणाची?"

"तसं बघितलं तर," श्रीनिवासराव म्हणाले, "मॅडमनी सुट्टीवर जाताना सांगून जायला हवं होतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी! दिवाळीनंतर सुलेखाला नोकरीत कायम करायचं की नाही, ते याच अप्पारावांच्या हातात होतं. तोंड आवरावं, असं तिला क्षणभर वाटलंही. पण ऑफिसात जपून बोलायची भाषा गळून पडली आणि गावाकडची, पिशोरची उसळून आली.

"सांगून? पूजा झाल्यावर रातच्याला निघते म्हणलं, तर तुम्हीच म्हणलात, 'तुमच्यात नसतं ना हे, तुम्ही जा खुशाल.' व्हय का नाय? वर्षभर त्या डब्यांवरची धूळ मी पुसायची, बिघडलं की हात मी घालायचा, अन् कुंकू लावायच्या दिवशी माझी अडचण? पूजेवर राग नाय माझा. मला लांब धाडून बटणं दाबली, त्याचा लई राग हाय."

श्रीनिवासराव सोवळ्याच्या निऱ्या नीट करू लागले.

अप्पाराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "बरं, झालं ते झालं. पुढच्या वर्षी तुम्हालाही बोलावू हं पूजेला."

"बोलावता कशाला, साहेब?" सुलेखा म्हणाली. "मी काय पाहुणी हाय इथं?"