वरच्या वाडीत अंथरलेली सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. ताम्हिणी घाटाच्या वाटेवरच्या एका ग्रामपंचायतीच्या अडगळीच्या खोलीत मी गुंडाळून पडले आहे. इथल्या पावसाने माझ्या अंगाला कुबट वास येतो.

हातमागावर विणून मला इथे आणले, तेव्हा माझे निळे-तांबडे पट्टे पाहून सारे हरखले होते. ग्रामसभा माझ्यावर भरायची. माणसे मांडीला मांडी लावून बसत, भांडत, हसतही. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. माणसे मात्र येईनाशी झाली. मला कोपऱ्यात उभे केले गेले.

मग झरे हिवाळा सरताच आटू लागले आणि पावसाळ्यात दरडी कोसळू लागल्या. हवामान बदलतेय, काहीतरी करायला हवे, म्हणून पंचायतीने डोंगरउतारावर कुंपण घालून झाडे लावायचे ठरवले. ठरवणारे चार-पाचच जण होते. वरच्या वाडीच्या शेळ्या त्याच उतारावर चरत. थोड्याच दिवसांत कुंपण मोडले आणि शेळ्यांनी रोपे फस्त केली.

तेव्हा ग्रामसेविका साधनाताईंनी मला झटकले, दुचाकीला बांधले आणि वरच्या वाडीतल्या एका अंगणात अंथरले. सरपंच विलासराव रागातच आले होते.

"कुणाच्या शेळ्यांनी रोपं खाल्ली?"

"माझ्या," वाडीतल्या सारजाबाई म्हणाल्या. "कुंपण बी मीच मोडलं. झाडं नगंत असं न्हाई म्हनत आमी. पर शेळ्या कुटं चारायच्या, ते इचारलं का कुनी?"

"सभेला यायचं होतं की."

"सभा दुपारची. तवा आमी डोंगरावं असतोय."

चपला काढून विलासरावही माझ्यावर बसले.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ठरवले. झऱ्याच्या वरच्या अंगाला झाडे लावायची, उरलेला उतार चराईला ठेवायचा आणि पुढचे पुन्हा असेच बसून ठरवायचे. जांभूळ, हिरडा, उंबर लावले. उन्हाळ्यात सारजाबाई स्वतः हंड्याने पाणी घालत. रोपे जगली. मीही वाडीवाडीत हिंडले. तेवढे दिवस मला एकटे वाटले नाही.

साधनाताईंची बदली झाली आणि मी परत या खोलीत आले.

गेल्या आठवड्यात पंचायतीत उरलेल्या उतारालाही कुंपण घालायचे ठरले. निरोप मोबाईलच्या ग्रुपवर गेला. सारजाबाईंकडे मोबाईल नाही. कुणाकडून तरी कळल्यावर आज त्या पायी पंचायतीत आल्या.

"पुन्ना बसून ठरवायचं म्हनला हुता न्हवं?" त्यांनी कारकुनाला विचारले.

"हरकत होती तर ग्रुपवर टाकायची, मावशी," तो म्हणाला आणि जेवायला निघून गेला.

"मग विलासराव येईस्तवर बसते हितंच," असे स्वतःशीच म्हणत त्या गार फरशीवर टेकल्या. आमच्यामध्ये फक्त एक भिंत आहे. पण मला हाक मारता येत नाही.

मित्रांनो, मला जपायचे म्हणजे गुंडाळून ठेवायचे नव्हे. मला ऊन दाखवा, झटका, आणि ज्यांना सभेला येता येत नाही त्यांच्या दारात नेऊन अंथरा. जमले तर आजच. सारजाबाई अजून बाहेर बसल्या आहेत.