पाड्याची दोरी

सुकऱ्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना दोरी बांधली, तिला आंब्याचे डहाळे अडकवले आणि पलीकडे थांबलेल्या जीपवाल्याला सांगितलं, जा बाबा, आज इथून कोणी येणार नाही.

सूर्यमाळच्या या पाड्यावर अशी दोरी शेवटची बांधली होती त्याच्या आज्याने, प्लेगच्या साली. शेवटचा माणूस बरा होईपर्यंत आतल्याने बाहेर पडायचं नाही, असा नेम. दोरी बांधायचा मान सुकऱ्याच्या घराचा. मान होता, रोग तेवढा मिळत नव्हता. काल दातांचं शिबिर झालं आणि तीही सोय झाली. एक्केचाळीस माणसं तपासली, एक्केचाळीस जणांच्या दातांवर प्लाक निघाला.

जीप आली होती सुकऱ्याच्या बायकोसाठी, कमूसाठी. मुलगा धर्मेंद्र ठाण्याला नोकरीला. तो आईला न्यायला आला होता, नातू सांभाळायला, दोन वर्षं. येताना चाकं असलेली बॅगही आणली होती. कमू हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. तीन दिवस सुकऱ्या एकच कोयता घासत बसला होता. आता कोयत्याचा सुरा व्हायला आला होता.

शिबिराचे तरुण डॉक्टर गौतमही दोरीच्या आतच राहिले. त्यांनी सुकऱ्याला ओटीवर बसवून नीट फरक सांगितला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो, काखेत, जांघेत गाठी येतात, वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस जातो. प्लाक म्हणजे दातांवरचा चिकट थर. तो साफ केला की निघतो.

सुकऱ्याने मान डोलावली. त्याला सगळं समजलं होतं.

"डाक्टर, आज्याच्या टायमाला प्लेग किती जणांना झाला, ठाव हाय?"

"किती?"

"चौदा. आन् ह्यो किती जणांना?"

गौतमनी वही पाहिली. "एक्केचाळीस."

"मग?"

गौतमनी हत्यारांची पेटी उघडली. सगळ्यांचे दात साफ झाले की दोरी सुटेल, असं ठरलं.

दोन दिवसांत चाळीस तोंडं चकचकीत झाली. पाड्यावर लोक उगाच हसत फिरू लागले. उरली कमू. तिला अख्ख्या तोंडात एकच दात. ती स्टुलावर बसली, डॉक्टरांनी बत्ती लावली, आणि तिने ओठ घट्ट मिटून मान हलवली. उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच.

धर्मेंद्र आधी भडकला, मग बापाशी बोलेना, मग दोस्तांबरोबर ओढ्यावर खेकडे धरायला गेला. चौथ्या दिवशी टेकाडावर चढून, रेंज धरून त्याने बायकोला फोन लावला. खाली अंगणात सगळं ऐकू येत होतं.

"आई नाय येत. तूच ये आता बाळाला घेऊन... अगं, आत यायला बंदी नाय."

चुलीपुढे बसलेली कमू खदखदून हसली, अगदी तोंड उघडून. सुकऱ्या बघतच राहिला. तो एकुलता एक दात नव्या कवडीसारखा पांढरा होता. तिच्या बोटाला अजून चुलीतली राख लागलेली होती.

सुकऱ्याने अंगणात नजर टाकली. गौतम बत्ती घेऊन इकडेच येत होते. तो हळूच सरकून बायकोच्या पुढ्यात बसला.

"तोंड मिट," तो म्हणाला. "डाक्टर येतोय."