आयाळ नव्हे, अयाला

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. सध्या एका गोदामात भिंतीकडे तोंड करून उभा आहे. समोरचं काहीच दिसत नाही, म्हणून पाहिलेलं आठवत बसतो.

सुताराने मला घडवलं, काळा रंग दिला आणि एका शाळेत गणितासाठी टांगलं. तिथे नवे पांढरे फळे आले, तेव्हा हिब्रू शिकवणाऱ्या बाईंनी मला आपल्या बाहेरच्या खोलीत आणलं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी उजवीकडून डावीकडे लिहायला सुरुवात केली. मी पार गोंधळून गेलो!

बाई नावांपासून शिकवत. "नातान हे मुलाचं नाव. पण त्याचा अर्थ 'त्याने दिलं'. शब्दाच्या मुळाशी अक्षरं तीनच, न, त, न. त्यांच्यातूनच 'देणारा' होतो आणि 'देणारी'सुद्धा." खोली तेव्हा गच्च भरायची. पुढे लोक मोबाइलवर शिकू लागले आणि खुर्च्या रिकाम्या झाल्या. बाई तरीही मला ओल्या फडक्याने पुसत आणि दाराकडे बघत बसत.

एकदा प्लंबरकाका आले. नळ दुरुस्त करायला नव्हे, शिकायला. घरी एकटेच असत. लेकीने दूरदेशी लग्न केलं म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आता तिनेच फोन केला होता. नातीला फक्त हिब्रू येत होती.

"नातीचं नाव आयाळ ठेवलंय म्हणे," काका म्हणाले. "घोड्याच्या मानेवरचे केस! मी तशीच हाक मारली. लेक म्हणाली, 'बाबा, निदान तिचं नाव तरी नीट घ्या.' आणि फोन ठेवला."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "आयाळ नव्हे हो, अयाला. अयाल म्हणजे हरीण, नर. शेवटी 'आ' लागला की हरिणी. आपण 'ई' लावतो ना, तसंच."

मग त्यांनी माझ्यावर लिहिलं, "आनी साबा शेलाख." मी, आजोबा, तुझा.

"यात 'आहे' कुठं गेलं?" काकांनी विचारलं.

"ते बोलत नाहीत. समजून घेतात."

'शेलाख' मुलीला म्हणायचं, मुलाला 'शेल्खा'. काका रोज नातीचा नातू करून टाकत. बाई रोज दुरुस्त करत. रिकाम्या खुर्च्यांसमोर त्या दोघांचं हे चाललेलं असे.

अखेर काकांनी वर्गातूनच फोन लावला. "अयाला," ते म्हणाले. "आनी साबा शेलाख."

पलीकडून एक बारीक आवाज आला, "एफो अता?" कुठे तू?

बाई उत्तर लिहायला खडू घेऊन उठल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पो," ते म्हणाले. "आनी पो." मी इथे.

"बाबा?" लेकीचा आवाज आला. पुढचं बोलणं त्यांच्या घरच्या भाषेत झालं, आणि त्यातलं बरंचसं रडण्यातच गेलं.

थोड्याच दिवसांत काका लेकीकडे निघून गेले. बाईंनी त्यांना हसत निरोप दिला. दुसऱ्या दिवशी त्या वर्गाच्या वेळी आल्या, एकवचन आणि अनेकवचन असे दोन रकाने आखले आणि अनेकवचनाखाली 'खायीम' लिहिलं. खायीम म्हणजे आयुष्य. त्या भाषेत या शब्दाला एकवचनच नाही. एकवचनाचा रकाना कोराच राहिला. बाई त्याच्याकडे बघत बसल्या. शिकायला कुणीच नव्हतं.

पुढे त्या थकल्या. भाची त्यांना आपल्या घरी घेऊन गेली आणि मी इथे आलो.

मित्रांनो, एखाद्याचं नाव जिभेला जड गेलं, तर त्याला सोपं टोपणनाव चिकटवू नका. त्यालाच विचारा, चुका, पुन्हा म्हणा. आणि तुम्हाला कुणी मन लावून शिकवलं असेल, तर आपलं काम झाल्यावरही कधीतरी त्यांच्या दाराशी जा. आत कुणीतरी खडू मांडून बसलेलं असतं.