शिळी रांगोळी

ठाण्यात म्युनिसिपालिटीचं कलाप्रदर्शन दर माघात भरायचं, आणि सेक्रेटरी गुप्त्यांचं डोकंही दर माघात फिरायचं. १८८७ साली मुंबईहून परीक्षक म्हणून आलेले चित्रकार दारातच थबकले. आतल्या तसबिरी, लाकडी खेळणी राहिली बाजूला. हॉल झाडणाऱ्या गंगुबाईनं उंबऱ्यापाशी काढलेल्या मोराच्या रांगोळीला त्यांनी पहिलं बक्षीस देऊन टाकलं.

"उद्या अध्यक्ष पदक द्यायला येतील. तोवर इथे चिटपाखरू फिरकता कामा नये!" असं सगळ्यांना दरडावून गुप्त्यांनी रांगोळीभोवती दोरी बांधून घेतली.

सकाळी येऊन बघतात तो दोरी जागच्या जागी आणि आत नुसती सारवलेली जमीन! शेजारी गंगुबाई रांगोळीची वाटी घेऊन उकिडवी बसलेली.

"अगं बये, बक्षीस पुसलंस?" गुप्ते ओरडले.

"मग पाहुण्यांना काय शिळी रांगोळी दाखवू?" तीही उसळली. "दार झाडायला कुणी नाही म्हणतील!"

"निदान तोच मोर काढ!"

"कालचा मोर काल आला होता, रावसाहेब. आज काय येतं ते बघू."

आज कमळं आली. अध्यक्षांनी गंगुबाईला पदक दिलं, चित्रकारांनी हात जोडले.

तिसऱ्या दिवशी गुप्ते उजाडताच हजर झाले. कमळं एकदा डोळे भरून पाहून घेतली. गंगुबाई आली तेव्हा त्यांनी स्वतः दोरी सोडली, आणि कोपऱ्यातली केरसुणी आणून तिच्या हातात दिली.